केसांची लावणी आणि तिची राखण



आषाढात मुंबई-नाशिक रस्त्याने भिवंडी मागे टाकून पडघ्याच्या बाजूला आलात, की दोन्ही अंगांना मोठमोठी गोदामे लागतात. पण गोदामांच्या पाठीमागे अजून भाताची खाचरे आहेत, आणि त्या दिवसांत तेथे लावणी चाललेली असते. आपल्या ठाणे जिल्ह्यात तिला आवणी म्हणतात. राबातली रोपे उपटायची, मुठी बांधायच्या आणि चिखलात एकेक चूड रोवत जायचे. लावणी झाली की चार-आठ दिवस शेताकडे बघवत नाही. रोप पिवळे पडते, मान टाकते. नवखा माणूस म्हणेल, मेले सारे! पण ज्याचे आयुष्य शेतात गेले आहे तो घाबरत नाही. तो एवढेच पाहतो की बांध फुटू नये, पाणी फार होऊ नये, फार कमी होऊ नये आणि गुरे आत शिरू नयेत. लावणी एका दिवसाची असते. राखण पुढे बरेच दिवस करावी लागते.

आज मला ज्या लावणीविषयी बोलायचे आहे ती शेतातली नव्हे, डोक्यावरची आहे. केशरोपण, आपली मुले ज्याला हेअर ट्रान्सप्लांट म्हणतात ती शस्त्रक्रिया. तुम्ही म्हणाल, हा शहरातल्या नट-नट्यांचा विषय, आम्हां खेड्यातल्या माणसांना त्याचे काय? पण तसे आता राहिलेले नाही. कल्याण, ठाणे, मुंबई पडघ्यापासून फार दूर नाहीत. गोदामात हिशेब ठेवणारा, टेम्पो चालवणारा, लूमच्या कारखान्यात काम करणारा तरुण मोबाइलवर जाहिरात पाहतो, हप्त्याने पैसे भरतो, सकाळी जाऊन संध्याकाळी डोक्याला पट्टी बांधून घरी येतो. पुष्कळदा घरी खरे सांगतही नाही. मी डॉक्टर नाही, कॉलेजात शिकवणारा माणूस आहे. पण समोर बसणारी मुले कोणत्या चिंतेत असतात ते शिक्षकाला दिसते. शस्त्रक्रिया कशी करावी हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. शस्त्रक्रियेनंतर घरी काय करावे, काय करू नये आणि कशाला भ्यावे, हे मात्र प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे, म्हणून हे भाषण.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. टक्कल पडणे हा रोग नव्हे. पुरुषांचे केस कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि भोवऱ्यापाशी विरळ होत जातात, त्याला कारण आनुवंशिक गुण आणि शरीरातील पुरुषी संप्रेरक. त्याने आयुष्य कमी होत नाही, काम अडत नाही. टकलासकट ज्याला सुखाने जगता येते त्याने खुशाल जगावे. केस जाण्याची दुसरीही कारणे असतात. चाई लागते तेव्हा रुपयाएवढा गोल चट्टा गुळगुळीत होतो. टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात आणि पुष्कळदा आपोआप परत येतात. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात जानेवारी २०२५ मध्ये काही गावांतील माणसांचे केस थोड्याच दिवसांत झडून गेले, हे आपण वाचले असेल. तेथे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पथके गेली; विंचूदंशावरील संशोधनाने प्रसिद्ध झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियम या द्रव्याकडे बोट दाखवले. आणि पुष्कळांचे केस पुढे पुन्हा उगवू लागले. अशा ठिकाणी रोपणाचा प्रश्नच येत नाही. तेव्हा केस गेले म्हणजे धावले रोपणाला, असे करू नये. आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे आणि कारण समजून घ्यावे.

आता ही लावणी होते कशी? जपानमध्ये ओकुडा नावाच्या डॉक्टरांनी १९३९ साली केसांसकट त्वचेचे लहान तुकडे दुसरीकडे लावून दाखवले होते. पण महायुद्धाच्या धामधुमीत ते काम बाहेर फारसे कोणाला कळले नाही. पुढे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेनट्राइक यांनी १९५०च्या सुमारास हे काम स्वतंत्रपणे हाती घेतले आणि १९५९ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो निष्कर्ष महत्त्वाचा आहे. डोक्याच्या मागच्या बाजूचा केस टकलावर लावला तरी तो आपल्या मूळ जागेचा गुण सोडत नाही. मागचे केस सहसा म्हातारपणापर्यंत टिकतात; म्हणून ते पुढे आणून लावले तर तेथेही टिकतात. साऱ्या विद्येचे मूळ एवढ्या एका गोष्टीत आहे.

केस काढण्याच्या रीती दोन. एकीत मागच्या बाजूने त्वचेची अरुंद पट्टी काढतात, जखम टाक्यांनी शिवतात आणि पट्टीतून मुळे सुटी करतात. दुसरीत बारीक पोकळ हत्याराने एकेक मूळ अलग काढतात, हिला एफ. यू. ई. म्हणतात आणि आज तीच अधिक चालते. एका मुळाच्या पुंजक्यात एक ते चार केस असतात. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. राबासाठी पुढच्या वर्षी पुन्हा बी पेरता येते. डोक्यावर तसे नाही. मागून काढलेल्या मुळाच्या जागी नवे मूळ येत नाही. म्हणजे भांडवल ठरावीक आहे, ते जन्मभर पुरवायचे आहे. जो कोणी म्हणेल की एका दिवसात पाहिजे तितके केस लावून देतो, त्याच्यापासून सावध राहावे.

हे सावध राहणे निव्वळ पैशासाठी नव्हे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत चाळिशी ओलांडलेल्या एका व्यापाऱ्याने केशरोपण करून घेतले. वर्तमानपत्रांत आलेल्या माहितीप्रमाणे एकाच बैठकीत साडेनऊ हजारांच्या आसपास केस लावले होते आणि काम बारा तासांच्या घरात चालले होते. नंतर चेहऱ्यावर व घशाला सूज आली, श्वास लागू लागला, आणि दोन दिवसांच्या आत तो गृहस्थ गेला. तीव्र ॲलर्जीचा झटका आला असावा, असा डॉक्टरांचा संशय होता. अशा घटना क्वचित घडतात, पण घडतात. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने स्पष्ट केले की, कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून कोणी ही शस्त्रक्रिया करण्यास पात्र होत नाही. त्यासाठी रीतसर शिक्षण घेतलेला तज्ज्ञ लागतो आणि आणीबाणीला तोंड देण्याची सोय असलेली जागा लागते. म्हणून जाण्यापूर्वी तीन प्रश्न न लाजता विचारा. हत्यार कोणाच्या हातात असेल? त्या माणसाची पदवी व नोंदणी काय? रात्री दोन वाजता काही झाले तर फोन कोण उचलील? ज्या ठिकाणी या तिसऱ्या प्रश्नाचे नीट उत्तर मिळत नाही तेथून परत फिरावे. आपल्याला मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर तीही आधी सांगावी. लपवलेला आजार डॉक्टरला आंधळा करतो.

समजा, सर्व चौकशी झाली आणि शस्त्रक्रिया पार पडली. आता घरची पाळी.

पहिला दिवस. डोक्याला बधिर करणारी इंजेक्शने दिलेली असतात, अंगात थोडी गुंगी असते. स्वतः मोटारसायकल चालवत घरी यायचे नाही. बरोबर कोणीतरी पाहिजेच. आणि पहिल्या रात्री त्याच खोलीत कोणीतरी निजले पाहिजे. निजताना दोन-तीन उशा घेऊन डोके उंच ठेवावे आणि पाठीवर निजावे. पुढचे चार-पाच दिवस असेच. नव्या केसांच्या जागेला उशी, पांघरूण, मच्छरदाणी, काही लागू देऊ नये. थोडे रक्त पाझरले तर घाबरू नका. डॉक्टरांनी दिलेली निर्जंतुक जाळीची घडी हलक्या हाताने दहा मिनिटे दाबून धरा. तरीही वाहत राहिले तर फोन करा. मिठाच्या निर्जंतुक पाण्याची फवारणी दिली असेल तर सांगितल्याप्रमाणे करावी. घरचे मीठ पाण्यात कालवून ते मारू नये. कपडे पुढून गुंड्यांचे घालावेत. बनियन डोक्यावरून काढताना केलेले काम फुकट जाते.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत कपाळावर सूज येते. ती हळूहळू खाली उतरते, कधी पापण्या इतक्या फुगतात की डोळे बारीक होतात. घरची माणसे हे पाहून घाबरतात. ही सूज बहुतेक आठवड्याच्या आत ओसरते. कपाळावर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरावा. पण नव्या केसांवर तो कधीही ठेवू नये. सूज उतरवण्याची गोळी दिली असेल तर ती नेमून दिली तितकीच घ्यावी. मधुमेह असलेल्याने तर फारच सांभाळून, कारण अशा काही औषधांनी रक्तातील साखर चढते.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती कागदावर लिहून भिंतीला लावली तरी चालेल. साधी सूज कपाळावरून सुरू होऊन सावकाश खाली येते. माणूस बोलतो, जेवतो, श्वास मोकळा घेतो. पण ओठ, जीभ किंवा घसा सुजला, आवाज बदलला, गिळता येईना, श्वास लागला, अंगभर पित्तासारख्या गांधी उठल्या, भोवळ आली, छातीत दुखू लागले, तर ती साधी सूज नव्हे. तेव्हा केस लावणाऱ्या दवाखान्याचा फोन लागतो की नाही हे पाहत बसू नये. आपल्या महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तिला तत्काळ बोलवा, किंवा जे वाहन मिळेल त्यातून सर्वांत जवळच्या रुग्णालयात न्या. तेथे पहिले वाक्य हेच सांगा की, अमुक दिवशी केशरोपण झाले आहे आणि ही औषधे चालू आहेत. औषधांची चिठ्ठी बरोबर घ्या. अशा झटक्यात मिनिटांना किंमत असते.

दुसऱ्या जातीचा धोका हळू येतो. तीन-चार दिवसांनी दुखणे कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागले, जागा लाल व गरम झाली, पू आला, घाण वास येऊ लागला, ताप भरला, किंवा एखादी जागा काळी पडत चालली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उद्यावर टाकू नये.

डोके धुण्याविषयी लोकांत दोन टोकाच्या समजुती आहेत. कोणी महिनाभर पाणी लावत नाही, कोणी दुसऱ्याच दिवशी खसाखसा चोळतो. दोन्ही चूक. धुणे कोणत्या दिवशी सुरू करायचे ते डॉक्टर सांगतात. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. सौम्य शाम्पूचा फेस हाताने करून तो केसांच्या जागेवर नुसता टेकवायचा आणि मग मगातून कोमट पाणी हळू सोडायचे. नळाची धार नको, शॉवर नको, हापशाखाली डोके तर नकोच. पंचाने पुसायचे नाही. वाऱ्यावर वाळू द्यायचे. प्रत्येक रोपाभोवती बारीक खपली धरते, ती खाजते. खाजवायचे नाही आणि खपली उकरायची नाही. हे का, ते सांगतो. बर्नस्टीन आणि रासमन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी २००६ साली हाच प्रश्न तपासून प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की, पहिल्या दोन दिवसांत केस ओढला तर मूळ उपसून येतेच. सहाव्या दिवसापासून नुसता केस ओढून मूळ येत नाही. पण चिकटलेली खपली ओढली तर आठव्या दिवसापर्यंतही मूळ निघण्याचा धोका असतो. नवव्या दिवसापासून मात्र मूळ पक्के होते. म्हणजे पहिले आठ-दहा दिवस हात आवरायचा. पुढे सांगितल्याप्रमाणे भिजवून हलकेच धुतले की खपल्या स्वतः पडतात. पट्टी काढली असेल तर मागचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. त्यांवर ताण पडेल असे वाकणे, उचलणे तोवर टाळावे.

आता आपल्या भागातील कामधंद्याचा विचार करू. शहरातली पुस्तिका सांगते की चार दिवसांनी कामावर जा. ते खुर्चीवर बसणाऱ्याला ठीक आहे. भिवंडीच्या लूममध्ये सूत उडत असते, हवेत तूस असते, अंगाला घाम असतो. गोदामात हमालाच्या डोक्यावर आणि खांद्यावर माल असतो. शेतात डोक्यावर भारा येतो, वीटभट्टीवर घमेले येते. अशा माणसाने निदान पंधरा दिवस तरी रजा काढली पाहिजे, आणि डोक्यावरचे ओझे डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय घेऊ नये. रजा मिळत नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. टक्कल काही पळून जात नाही. हेल्मेटचेही तसेच. घट्ट हेल्मेट चढवताना व काढताना नवी मुळे घासली जातात. म्हणून कोणी हेल्मेटशिवाय या महामार्गावर गाडी घालील, तर तो केसांसाठी डोके गमावील! पहिले दोन आठवडे दुचाकीच सोडावी आणि एस. टी. किंवा रिक्षा धरावी. नदीत, विहिरीत, तलावात बुडी मारणे तीन-चार आठवडे बंद. कडक ऊन काही महिने टाळावे. डॉक्टरांनी होकार दिला की सैल टोपी घालावी. मागे आणि पुढे काही दिवस बधिरपणा राहील. तेवढ्याने घाबरू नये.

तंबाखूविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. नुकत्याच लावलेल्या मुळाला जगायला रक्त पाहिजे, आणि तंबाखूतील निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळून टाकते. बिडी असो, सिगारेट असो, मळलेली तंबाखू असो की मिश्री असो, परिणाम तोच. शेतात रोप लावायचे आणि पाटाचे पाणी अडवून ठेवायचे, अशातला हा प्रकार. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे ती सोडावी. आणि एवढे दिवस सुटलीच आहे, तर पुन्हा धरू नये. दारूही त्या दिवसांत नको.

आपल्या घरांत आज्यांच्या आणि आयांच्या हातांत मोठी माया असते. मुलाचे डोके असे पाहिले की त्या खोबरेल तेल, हळद, कडुनिंबाचा पाला, कांद्याचा रस घेऊन धावतात. आई, तुमची माया खरी. पण त्या कच्च्या जखमांवर यांतले काहीही लावू नका. तेल, मेंदी, कलप, डोक्याचे मालिश हे सर्व डॉक्टर सांगतील तेव्हाच. औषधांचेही तसेच. दुखले तर लिहून दिलेलीच गोळी घ्यावी. दुकानातून मनाने काही आणू नये. जंतुनाशक औषध बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. ज्याला हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे त्याने ती आपल्या मनाने बंद करू नये आणि आपल्या मनाने चालूही करू नये.

यानंतर येतो तो महिना, ज्यात माणसाचा धीर सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लावलेले केस गळू लागतात. सकाळी उशीवर केस, टॉवेलवर केस. मूठभर पैसे खर्चून हे काय झाले? पण तो नुसता केसाचा दांडा गळतो. मूळ आत जिवंत असते आणि विश्रांती घेत असते. कधी शेजारचे जुने केसही या धक्क्याने तात्पुरते गळतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस डोकावतात, आधी बारीक आणि वाकडेतिकडे. त्या सुमारास बारीक पुळ्याही येतात, त्या फोडू नयेत, फार आल्या तर दाखवाव्यात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. सहाव्या महिन्यात बदल दिसतो, वर्षाने खरे चित्र कळते, आणि भोवऱ्याच्या जागी तर त्याहून वेळ लागतो. हा हिशेब ध्यानात घेतलात तर तुमच्या लक्षात येईल की, लग्नाच्या तिथीआधी एक महिना रोपण करून घेणारा नवरदेव बोहल्यावर पूर्वीपेक्षाही विरळ डोक्याने उभा राहील! ज्याला करायचेच आहे त्याने निदान वर्षभर आधी करावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना सांगितलीच जात नाही. लावलेले केस टिकले तरी त्यांच्या अवतीभोवतीचे मूळचे केस आपल्या गतीने जातच राहतात. ते थोपवण्यासाठी डॉक्टर कधी मिनॉक्सिडिलचे द्रावण, कधी फिनास्टराइडची गोळी देतात. ही औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात; सोडली की गुण ओसरतो. फिनास्टराइडने थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, कोणाचे मन उदास होते. असे वाटले तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. गरोदर स्त्रीने या गोळीचा फुटलेला तुकडाही हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याला अपाय होऊ शकतो. आणि ही गोळी चालू असताना रक्तदान करू नये. बंद केल्यावर किती दिवसांनी चालेल ते रक्तपेढीत विचारावे. गावच्या रक्तदान शिबिरात पुढे होणाऱ्या तरुणांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

श्रोतेहो, इतके पथ्यपाणी सांगितले, पण या सर्वांच्या मुळाशी असलेली अडचण औषधाची नाही, लाजेची आहे. मुलगा घरी सांगतो की मित्राच्या लग्नाला जातो, आणि डोक्याला टोपी घालून दोन दिवस कोणाच्या तरी खोलीवर पडून राहतो. बायकोला सांगत नाही, भावाला सांगत नाही. आता विचार करा: रात्री त्याचा घसा सुजला तर पाहणार कोण? कोणती औषधे चालू आहेत ते डॉक्टरला सांगणार कोण? कामावर ओझे उचलू नको असे म्हणणार कोण? लपवल्यामुळे तो चौथ्या दिवशी कामावर हजर होतो, हेल्मेट चढवतो, सूज का आली म्हणून विचारले तर गांधीलमाशी चावली म्हणतो. ज्या राखणीवर सारे अवलंबून ती राखण करायला माणूसच उरत नाही. म्हणून माझे तरुणांना सांगणे आहे: करायचे की नाही हे तुम्ही ठरवा, पैसे तुमचे आहेत, डोके तुमचे आहे, पण घरातल्या निदान एका जाणत्या माणसाला खरे सांगितल्याशिवाय त्या खुर्चीवर बसू नका.

आणि घरच्यांनो, त्याने सांगितले तर आधी हसू नका. उधळेपणा वाटला तर वाद शस्त्रक्रियेच्या आधी घाला, नंतर नव्हे. झाल्यावर त्याला उशी द्या, वेळेवर गोळ्या द्या, दोन दिवस त्याच्याकडे लक्ष ठेवा. त्याने कर्ज काढले असेल तर त्याचा विचार महिन्याने करता येईल.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना शेवटी दोन गोष्टी सुचवतो. आपल्या वर्गातली मुले एकमेकांना टकल्या, चांदोबा म्हणून चिडवतात आणि आपणही कधी त्या हसण्यात सामील होतो. ज्या मुलाला चाई लागली आहे, ज्या मुलीचे केस औषधोपचाराने गेले आहेत, त्यांना ते हसणे किती लागते हे आपल्याला दिसत नाही. त्याच हसण्याच्या भीतीने पुढे विशीतली मुले कर्ज काढून कोणत्याही दवाखान्याच्या पायऱ्या चढतात. वर्गात टोपी घालून बसण्याची परवानगी मागितली तर ती कारण न विचारता द्यावी. दुसरी गोष्ट अशी की, विज्ञानाच्या तासाला त्वचेचा धडा येतो तेव्हा केसाचे मूळ कोठे असते, ते वाढते केव्हा आणि विश्रांती घेते केव्हा, एवढे फळ्यावर काढून दाखवावे. ज्या मुलाला हे एकदा कळले तो पंधरा दिवसांत दाट केस, अशा जाहिरातीला फसणार नाही. आणि कधी काळी त्याच्या घरी कोणी असे डोके बांधून आले, तर काय करायचे आणि १०८ केव्हा फिरवायचे, हे सांगणारा घरात एक तरी असेल.